‘मायलेकी’ : नौपाड्यातील एका वाचनालयाच्या पुस्तकसंचाचे परीक्षण

ठाण्यात वाचनालयांची वानवा कधीच नव्हती. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालापासून या शहरात आहे आणि त्याच्या आधाराने वाढलेली वाचणारी घरे नौपाडा, चरई, विष्णुनगर या भागांत आजही आहेत. तरीही एकेक पुस्तक बदलून नेण्याऐवजी एकाच विषयावरची सगळी पुस्तके एका पिशवीतून तीन महिन्यांसाठी घरी द्यायची, सोबत टिपणपुस्तिका द्यायची आणि मध्ये मध्ये वाचकांना चर्चेसाठी एकत्र बसवायचे, ही कल्पना मला इथे नवी होती. गोखले रोडलगतच्या एका गल्लीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या खासगी वाचनालयाने ती अमलात आणली आहे. प्रत्येक विषयाचे मोजकेच संच असल्याने प्रतीक्षायादी आधीच लांबली आहे, तेव्हा नाव छापू नये अशी चालकांची विनंती होती. म्हणून ते इथे दिलेले नाही.

मी घेतलेल्या संचाचे नाव ‘मायलेकी’ आणि विषय विसाव्या शतकातील कथा-कादंबऱ्यांत आईच्या हातून मुलीचे आयुष्य कसे घडते, हा. अनामत १,५०० रुपये, तीन महिन्यांचे शुल्क ९०० रुपये आणि चर्चासत्रे त्याच शुल्कात. पिशवीत केतकरांची ‘ब्राह्मणकन्या’, विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’, बंगाली लेखिका आशापूर्णादेवींच्या ‘प्रथम प्रतिश्रुती’पासूनच्या तिन्ही कादंबऱ्या हिंदी अनुवादात, उर्दू लेखिका इस्मत चुगताईंच्या कथांची देवनागरी आवृत्ती, शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ आणि इंग्रजीतून टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ व गीता हरिहरन यांची ‘द थाउजंड फेसेस ऑफ नाइट’ अशी पुस्तके होती. नऊशे रुपयांत इतके वाचायला मिळणे हा व्यवहार ग्राहकाच्या बाजूचा आहे, याबद्दल शंका नको.

घरपोच सेवेबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. माझ्यासारख्या घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना पिशवी सांगितलेल्या दिवशी मिळेलच असे धरून चालू नये. नौपाडा-पाचपाखाडीतल्या सभासदांना ती वेळेवर मिळते असे दिसले. पुस्तकांची बांधणी मात्र उत्तम आहे. जुन्या प्रतींना नवे पुठ्ठे चढवलेले आहेत, शिलाई घट्ट आहे आणि आतली तारखांची जुनी चिठ्ठी काढून न टाकता तशीच ठेवली आहे. ‘कळ्यांचे निःश्वास’च्या प्रतीत कुणा जुन्या वाचकाने समासात पेन्सिलीने लहान, उभ्या अक्षरांत शेरे लिहिले आहेत. आईवडिलांचे बोलणे चालू असलेल्या एका जागी नुसते ‘आई गप्प का?’ एवढेच लिहिलेले आहे, आणि त्याच्याखाली वेगळ्या, तिरक्या अक्षरांत कुणीतरी उत्तर दिले आहे, ‘तिला विचारतो कोण?’ पुढे मी ज्या पुस्तिकेबद्दल लिहिणार आहे तिच्या चाळीस पानांत या दोन ओळींइतके नेमके काही मला सापडले नाही.

पुस्तिकेची सुरुवात होते साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’पासून. १९३५ साली आलेल्या त्या पुस्तकाचा मराठी मनावरचा ठसा कोण नाकारील? पण ती मुलाची आई आहे. मुलाच्या आईकडून संस्कारांची अपेक्षा असते आणि ते संस्कार घेऊन मुलगा जगात जातो. मुलीच्या आईकडून अपेक्षा असते ती मुलीला दुसऱ्याच्या घरी खपेल अशी तयार करण्याची. हा फरक न ओळखल्यामुळे पुस्तिकेने सगळी पुस्तके वात्सल्य, त्याग, संघर्ष आणि मुक्ती अशा चार खणांत लावून टाकली आहेत. पुस्तके मात्र त्या खणांत बसायला तयार नाहीत. ती ओळीने वाचताना माझ्या लक्षात आले की यांतली बहुतेक सगळी एकच प्रश्न निरनिराळ्या घरांत जाऊन विचारत आहेत. आईने मुलीला काय शिकवले हे त्यांना दुय्यम आहे. मुलीविषयी निर्णय घ्यायची वेळ आली तेव्हा आईच्या हातात काही होते का, आणि नसेल तर तिने त्या रिकाम्या हातांनी काय केले, हे ती तपासतात. संच निवडणाऱ्याला हे जाणवले असावे असे निवडीवरून वाटते. पुस्तिका लिहिणारी व्यक्ती बहुधा दुसरी असावी.

आशापूर्णादेवींच्या तीन कादंबऱ्या हा या संचाचा कणा आहे. ‘प्रथम प्रतिश्रुती’ १९६४ सालची, ‘सुवर्णलता’ १९६७ची आणि ‘बकुलकथा’ १९७४ची. पहिलीसाठी त्यांना १९७६ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री लेखिका ठरल्या. कथा एकोणिसाव्या शतकातल्या बंगालमधल्या एका खेड्यात सुरू होते. वैद्य रामकालींची लेक सत्यवती स्वतःच्या जिद्दीने अक्षरे शिकते, सासरच्या खेड्यातून नवऱ्याला कलकत्त्याला घेऊन येते आणि आपली मुलगी सुवर्ण हिला शाळेत घालते. आईने मुलीला द्यावे असे जे जे काही, ते सगळे सत्यवती देते. आणि मग सुटीत वडिलांबरोबर गावी गेलेल्या नऊ वर्षांच्या सुवर्णाचे लग्न तिची आजी परस्पर लावून टाकते. आईला कळवण्याचीसुद्धा गरज कुणाला वाटत नाही. सत्यवती गावात पोहोचते तेव्हा सारे उरकलेले असते. ती घराचा उंबरठाही न ओलांडता मागे वळते आणि संसार सोडून काशीला निघून जाते.

पुस्तिकेने हा शेवट ‘मुक्ती’च्या खणात घातला आहे. तसे करायचे असेल तर ‘सुवर्णलता’ उघडूच नये. कारण दुसऱ्या कादंबरीत सत्यवतीच्या त्या तेजस्वी निर्णयाची किंमत तिची मुलगी सासरी रोज मोजताना दिसते. आई घर सोडून गेलेली, हा टोमणा तिच्या पाठीशी जन्मभर असतो. आईकडून आलेली वाचनाची भूक आणि मान ताठ ठेवण्याची सवय घेऊन ती अशा घरात पडली आहे, जिथे या दोन्ही गोष्टी अवगुण समजल्या जातात. नवे घर बांधायला काढल्यावर ती नवऱ्याकडे रस्त्यावर उघडणारा एक व्हरांडा मागते. तो होकार देत राहतो. गृहप्रवेशाच्या दिवशी ती खोल्याखोल्यांतून तो व्हरांडा शोधत फिरते आणि तो कुठेच नसतो. पुढे ती चोरून लिहिते. ते छापले जाते तेव्हा घरात त्याचे हसे होते आणि ती आपले सगळे लिखाण गच्चीवर नेऊन जाळून टाकते. व्हरांड्याचा प्रसंग मी पूर्वी वेगळ्या संदर्भात वाचला होता, पण पहिल्या कादंबरीला लागून वाचल्यावर त्याचे वजन बदलते. आईने मुलीला बाहेर पाहायला शिकवले. बाहेर पाहण्यापुरती जागाही तिला देणे आईच्या हातात नव्हते. तिसऱ्या कादंबरीतली बकुल, सुवर्णाची धाकटी लेक, अविवाहित राहून लेखिका होते. आजी आणि आई यांची गोष्ट सांगण्याचे ऋण ती आपल्या शिरावर घेते. तीन पिढ्यांत एवढे अंतर कापले गेले, असे कुणी समाधानाने म्हणू शकेल. मात्र बकुलकडे वारशाने आलेल्या गोष्टींत जळून गेलेल्या वह्याही आहेत.

पहिले चर्चासत्र याच कादंबऱ्यांवर होते. जागा घंटाळी परिसरातल्या एका सोसायटीचे सभागृह, वेळ शनिवारी संध्याकाळची आणि संचालन मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापिकेचे. त्या कमी बोलतात हा त्यांचा मोठा गुण. सत्यवतीच्या काशीला जाण्याचे कौतुक बराच वेळ चालल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी, बहुधा महाविद्यालयात शिकणारी, शेजारच्या वयस्क बाईंना म्हणाली, “मावशी, पण शिक्षा झाली कुणाला? ज्यांनी लग्न लावलं ते तर मजेत राहिले.” मावशींनी थोडे थांबून उत्तर दिले, “अगं, राहिली असती तर त्याच माणसांना रोज वाढलं असतं तिनं. तेही लेकीनं पाहिलंच असतं ना?” यावर दोन तट पडले आणि प्राध्यापिकाबाईंनी ते पडू दिले. असे सत्र मिळणार असेल तर पुस्तिकेकडे दुर्लक्ष करायला माझी हरकत नाही.

मराठी पुस्तकांत ‘ब्राह्मणकन्या’ ही निवड धाडसाची आहे, कारण ज्ञानकोशकार केतकरांच्या कादंबऱ्या आता कोणी आपणहून उघडत नाही. १९३० सालच्या या कादंबरीत कथा थांबवून समाजशास्त्र सांगण्याची केतकरांची खोड पानोपानी जाणवते आणि काही वाचक तिथेच पुस्तक मिटतील. त्यांनी मिटू नये. कालिंदी ही ब्राह्मण वकिलाची सुशिक्षित मुलगी. पण तिची आई शांता ही एका ब्राह्मणाने ठेवलेल्या बाईची लेक, त्यामुळे वडिलांच्या जातीत कालिंदीला स्थळ मिळणे कठीण. इथे आईने काही केलेले नाही, काही शिकवलेले नाही, काही लादलेलेही नाही. तिचा नुसता जन्म मुलीच्या वाटेत उभा आहे. त्या कोंडीतून निघण्यासाठी कालिंदी लग्नावाचून एका लिंगायत व्यापाऱ्याबरोबर राहू लागते, म्हणजे आजीच्या वाटेवर स्वतःच्या पायांनी जाते. या संचाशिवाय मी ही कादंबरी मायलेकींची म्हणून वाचलीच नसती.

‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली टोपणनावाने आले तेव्हा मोठे वादळ उठले आणि विभावरी शिरूरकर म्हणजे कोण याचा शोध बराच काळ चालला. पुढे कळले की त्या बाळूताई खरे, लग्नानंतरच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या, मिळवत्या, लग्न न झालेल्या मुलींच्या या कथा. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या शीर्षकातच निम्मी गोष्ट आहे. मुलगी शिकली, नोकरीला लागली, आणि घराला तिच्या पगाराची सवय झाली. वर उल्लेख केलेले समासातले शेरे याच पुस्तकातले. आई गप्प राहते ती मुलीवर प्रेम नाही म्हणून नव्हे. घरातल्या धाकट्या मुलांची तोंडे त्या पगारावर भरत असतात आणि ती भरण्याचे काम आईचे असते. सत्तावन्न वर्षांनी, १९९० साली आलेल्या ‘रीटा वेलिणकर’मध्ये हेच घर मुंबईत, वेगळ्या भाषेत आणि वेगळ्या पोशाखात पुन्हा उभे राहिलेले दिसते. थोरली रीटा लहान वयात कमवायला लागते, आईवडील आणि बहिणी यांचा भार तिच्यावर पडतो, विवाहित पुरुषाशी असलेले नाते तिला कुठेच पोहोचवत नाही आणि शेवटी तिचे मन कोसळते. रुग्णालयात पडल्या पडल्या ती आईवडिलांचा हिशेब मांडते तेव्हा तिच्या रागाला शिरूरकरांच्या नायिकांना न मिळालेली मोकळीक मिळालेली असते. ही दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत. पुस्तिकेने त्यांना दोन वेगळ्या खणांत ठेवले आहे, तिकडे लक्ष देऊ नये.

इस्मत चुगताईंच्या कथांपैकी विषयाला धरून वाचायची ती ‘चौथी का जोडा’, म्हणजे लग्नानंतरच्या चौथ्या दिवसाचा पोशाख. मोहल्ल्यातल्या बायका अपुरे कापड घेऊन कुब्राच्या आईकडे येतात, कारण तिच्या कात्रीला अवघड असे कापडच नाही. कुणाला न जमणारा बेत ती डोक्यात मांडते आणि कापड पुरवते. तिची स्वतःची लेक मात्र लग्नाची राहिली आहे. राहत नावाचा मामाचा मुलगा पोलिसांच्या प्रशिक्षणाच्या निमित्ताने घरी राहायला येतो तेव्हा आई किडूकमिडूक दागिने मोडून त्याला खाऊपिऊ घालते, कुब्रा पडद्याआडून पराठे तळत राहते आणि धाकट्या हमीदाला त्याच्याशी हसून बोलायला पाठवले जाते. त्याची किंमत हमीदा मोजते. राहत खाऊनपिऊन निघून जातो. त्याचे लग्न दुसरीकडे ठरलेलेच असते. कुब्रा क्षयाने जाते आणि शेवटी जिथे शेजारणींची कापडे बेतली त्याच स्वच्छ जाजमावर आई पांढरे कापड पसरून कफन बेतायला बसते. चुगताई इथे आईला दोषही देत नाहीत आणि तिची बाजूही मांडत नाहीत. हाताचे कसब आणि हातातली सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कापडाच्या मापाने दाखवून देतात. संचातल्या पानांच्या हिशेबाने ही सर्वांत लहान गोष्ट आहे आणि माझ्या मते सर्वांत पूर्ण.

‘बिलव्हेड’बद्दल माझी तक्रार पुस्तकाशी नाही, क्रमाशी आहे. १९८७ सालची ही कादंबरी वाचनक्रमात अगदी पहिली दिली आहे, बहुधा तिचे नाव मोठे म्हणून. आणि त्यामुळे काही सभासद तिथेच अडकून बसले. अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या कायद्यात गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच मालकाचे गुलाम ठरे आणि आईचा त्याच्यावर कसलाही हक्क नसे. १८५६ साली केंटकीतून ओहायोत पळून आलेल्या मार्गारेट गार्नर या स्त्रीने पुन्हा पकडले जाण्याच्या क्षणी आपल्या लहान मुलीला मारले. त्या खऱ्या घटनेवरून मॉरिसन यांना कादंबरीची नायिका सेथी सुचली. ज्या आईला मुलीबद्दल एकही निर्णय घेण्याचा अधिकार नाही तिने घेतलेला हा एकमेव निर्णय, आणि तो असा. पण कादंबरी तेवढ्यावर थांबत नाही. वाचलेली दुसरी मुलगी डेन्व्हर आईच्या सावलीत आणि आईच्या धास्तीत, घराच्या कुंपणाआत वाढते, आणि एक दिवस मदत मागायला ते कुंपण ओलांडून रस्त्यावर येते. आशापूर्णादेवी आणि चुगताई वाचून झाल्यावर ही कादंबरी घेतली तर डेन्व्हरचे ते पाऊल ओळखीचे वाटते. सुरुवातीलाच घेतली तर वाचक केवळ हादरतो. संच घेणाऱ्यांनी क्रम स्वतःच बदलून घ्यावा.

दुसऱ्या सत्रात पिशवीत नसलेले एक पुस्तक चर्चेला आले आणि तेच सत्र माझ्या दृष्टीने सगळ्यांत सरस ठरले. माटुंग्यात वाढलेल्या आणि तमिळ वाचणाऱ्या एका सभासदाने जयकांतन यांची ‘अग्निप्रवेशम्’ ही १९६६ सालची कथा मराठीतून सांगितली. पावसात बसची वाट पाहणाऱ्या महाविद्यालयीन मुलीला एक अनोळखी माणूस आपल्या मोटारीत घेतो आणि तिच्यावर अतिप्रसंग ओढवतो. घरी आल्यावर ती आईला सारे सांगते. आई आधी संतापते, मारते, मग मुलीला न्हाणीघरात नेऊन तिच्या डोक्यावरून पाणी ओतते आणि तू शुद्ध आहेस, झाले ते विसर, असे सांगते. गोष्ट चार भिंतींच्या बाहेर जात नाही. त्या काळच्या तमिळ वाचकांत या शेवटावरून मोठा गदारोळ झाला. आणि मग जयकांतन यांनी १९७०च्या ‘सिल नेरंगळिल सिल मनिदर्गळ’ या कादंबरीत त्याच प्रसंगाचा दुसरा पर्याय लिहिला : आईने आरडाओरडा केला, शेजारपाजाऱ्यांना कळले, भावाने मुलीला घराबाहेर काढले. ती गंगा पुढे शिकते, चांगल्या नोकरीला लागते, पण त्या एका संध्याकाळच्या आवाजाची कैदी राहते. कादंबरीतल्या गंगेच्या हाती मासिकातली एक कथा पडते आणि त्या कथेतली आई पाणी ओतून मोकळी होते, ही जयकांतन यांची रचना विलक्षण आहे. आपल्या आईने दुसरे काय केले असते तर आपले काय झाले असते, हे ती छापील पानावर वाचते. या कादंबरीला १९७२ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

सांगणाऱ्याने दोन्ही शेवट एकापाठोपाठ एक, आवाज न चढवता सांगितले आणि सभागृहात काही काळ कोणी बोलले नाही. मग एक काकू म्हणाल्या, “आपल्याकडं हे तोंड दाबणं म्हणजे वाईटच असं धरतात. इथं तर त्याच दाबण्यानं मुलगी वाचली.” त्यांना लगेच उत्तर आले की वाचली ती गप्प राहिल्याने नाही, आईने तिला दोषी न धरल्याने. हा भेद महत्त्वाचा आहे आणि तो एका श्रोत्याने जागच्या जागी पकडला. संचातल्या बहुतेक आयांच्या हातात काहीच नव्हते. या आईच्या हातात निदान एक क्षण होता, आणि जयकांतन यांनी त्या एकाच क्षणाचे दोन निकाल लिहून दाखवले. पुढच्या वेळी संच लावताना ही कादंबरी हिंदी किंवा इंग्रजी अनुवादातून मिळवून पिशवीत घालावी, अशी माझी वाचनालयाला आग्रहाची सूचना आहे.

शेवटचे पुस्तक, गीता हरिहरन यांची १९९२ सालची कादंबरी, मला निवडीचा कळस वाटली, जरी तिसऱ्या सत्रात तिच्या वाट्याला जेमतेम अर्धा तास आला. देवी ही अमेरिकेतून शिकून परतलेली मुलगी. तिची आई सीता तिचे लग्न मोठ्या काटेकोरपणे जुळवते. सीता स्वतः नवी सून असताना वीणा वाजवायची. कामाच्या वेळी वीणेत गुंतली म्हणून सासऱ्यांनी एकदा तिला सुनावले, आणि तिने वीणेच्या तारा उपटून टाकल्या. त्यानंतर ती आदर्श सून झाली, आदर्श पत्नी झाली आणि आपल्या मुलीलाही तशीच घडवायला निघाली. म्हणजे इथे आईच्या हातात अधिकार आलेला आहे, पण तो तिने तारा तोडून विकत घेतलेला आहे आणि त्याची वसुली मुलीकडून होते. देवी नवऱ्याला सोडते, मग ज्याच्याबरोबर गेली त्यालाही सोडते आणि आईच्या दारी येते. आतून कुणीतरी चाचपडत वीणा वाजवत असल्याचा आवाज तिला ऐकू येतो.

या लेखिकेच्या बाबतीत पुस्तिकेने सांगायलाच हवी होती अशी गोष्ट तिच्यात नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ सालचा. त्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाचा किंवा अविवाहित मुलीचा नैसर्गिक पालक वडील, आणि आईचा क्रम त्यांच्या मागून. गीता हरिहरन यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला तेव्हा वडिलांची सही मागितली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९९९ साली न्यायालयाने असा अर्थ लावला की वडील हयात असूनही मुलाची जबाबदारी घेत नसतील किंवा ती आईकडे असेल, तर आईदेखील नैसर्गिक पालक म्हणून व्यवहार करू शकते. सत्यवतीला न विचारता तिच्या लेकीचे लग्न लावणाऱ्या घरापासून या निकालापर्यंतचा काळ म्हणजेच या संचाचा काळ आहे. आणि ज्या कादंबरीकर्तीने ‘सीता’ लिहिली तिनेच तो निकाल मिळवला. चार खणांची उठाठेव करण्याऐवजी पुस्तिकेने असे दोन-चार धागे दिले असते तर वाचकाचे काम सुकर झाले असते.

निवडीत दोन उणिवा ठळक आहेत. पहिली, गौरी देशपांडे नाहीत. इरावती कर्वे यांची ही लेक आणि महर्षी कर्वे यांची नात. ‘निरगाठी’ आणि ‘चंद्रिके गं, सारिके गं’ हे १९८७ सालचे पुस्तक तर या विषयाच्या दाराशीच उभे आहे. संचातल्या आया एक तर परावलंबी आहेत किंवा परावलंबनातून आलेल्या कडवटपणाच्या धनी आहेत. स्वतःच्या बुद्धीने आणि मिळकतीने जगणारी आई मोठ्या झालेल्या मुलींशी कशी वागते, तिथेही गाठी कशा बसतात, हे मराठीत लिहिले गेलेले असताना ते वगळणे समजत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर : दलित लेखिकांचे एकही पुस्तक नाही. चालकांना विचारल्यावर उत्तर मिळाले की तिथे आत्मकथने आहेत आणि आमचा संच कल्पित साहित्याचा आहे. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमचं’ आत्मकथन आहे हे खरे. पण उर्मिला पवार यांचे ‘सहावं बोट’ १९८८चे आणि ‘चौथी भिंत’ १९९०चे, दोन्ही कथासंग्रहच आहेत. ही सबब टिकणारी नाही. चालकांनी माझी ही हरकत ऐकून घेतली आणि वहीत नोंद केली, एवढे त्यांच्या बाजूने सांगायला हवे.

काही व्यावहारिक गोष्टी. सभागृहात मागच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचत नाही, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसावे. बंगाली कादंबऱ्या हिंदीतून आणि जाडजूड आहेत. हिंदी वाचनाची सवय नसेल तर तीन महिने पुरणार नाहीत, पण मुदतवाढ मागितल्यास महिनाभर विलंबशुल्क लावत नाहीत. आई आणि मुलगी मिळून एकच संच घेत असतील तर सत्रांना दोघींना प्रवेश आहे, हे माहितीपत्रकात छापलेले नाही. देवघेवीच्या खिडकीवर विचारल्यावर कळते. इंग्रजी पुस्तके नको असतील तर त्यांच्या बदल्यात दुसरी मराठी पुस्तके बदलून देतात. तशी बदली करून घेणाऱ्यांनी सरळ गौरी देशपांडे आणि उर्मिला पवार मागाव्यात. दोघींची पुस्तके आतल्या खोलीत, खिडकीखालच्या मांडणीवर आहेत.